एका माणसापुरती भांडी

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी आणि माझा भाचा तुळशीबागेतल्या भांड्यांच्या एका जुन्या दुकानात उभे होतो. बाहेर बांगड्या, रुमाल आणि केसांच्या क्लिपा विकणाऱ्यांचा गलका चालू होता आणि आत छतापर्यंत रचलेल्या स्टीलवर ट्यूबलाइटचा उजेड पडून डोळे दिपत होते. भाचा सोलापूरचा. शिक्षण संपवून हिंजवडीत नोकरीला लागलेला, वाकडला एका खोलीचे घर भाड्याने घेतलेला, आणि चहा सोडला तर आयुष्यात काहीही न शिजवलेला. आम्हाला भांडी हवी आहेत एवढे ऐकताच दुकानदारांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिले, चेहऱ्यावर कौतुक आणले आणि विचारले, "लग्न कधी आहे?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी मदतनिसाला हाक मारली आणि एकात एक बसणाऱ्या पातेल्यांचा संच, पितळी घागर, घेरदार परात असे एकेक समोर मांडायला सुरुवात केली. भाचा म्हणाला, "लग्न नाहीये काका. मलाच स्वयंपाक करायचाय." दुकानदारांचा हात जागीच थांबला. त्यांच्या वागण्यात तुसडेपणा मुळीच नव्हता. पुढे काय काढून दाखवावे हेच त्यांना खरोखर सुचेना. "एकट्यासाठी? मग काय, एक कुकर घ्या, एक तवा घ्या," असे म्हणून ते शेजारी ताटकळत असलेल्या, खऱ्याखुऱ्या लग्नाच्या खरेदीला आलेल्या मंडळींकडे वळले.

त्या "मग काय"ने पुढे कितीतरी दिवस माझी पाठ सोडली नाही. दुकानदारांची चूक काढायची म्हटली तरी काढता येईना. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या दुकानात भांडी घ्यायला माणसे आली ती लग्नासाठी, वास्तुशांतीसाठी, नाहीतर दिवाळीत एखादे जादा पातेले घ्यायला. घराला भांडी लागतात हे त्यांना ठाऊक होते; एका माणसाला लागतात, आणि तो माणूस उद्या सकाळी पहिल्यांदाच फोडणी करणार आहे, अशा गिऱ्हाईकाचा कप्पाच त्यांच्या फळ्यांवर नव्हता. खरे म्हणजे तो आपल्या कुणाच्याच डोक्यात नसतो.

माझ्या स्वयंपाकघराची जमवाजमव मी शाळेत असतानाच सुरू झाली होती. आई गल्लीतल्या भांड्यांच्या भिशीत होती. दर महिन्याला बायका ठरावीक पैसे काढत आणि चिठ्ठीत जिचे नाव निघे तिच्या घरी एखादा मोठा डबा किंवा परात येई. शिवाय बोहारीण होती. ती दारात पाटी टेकवून बसे, जुन्या साडीचा काठ उन्हात धरून जर खरी आहे की नाही ते नखाने खरवडून पाही, आणि "एवढ्यावर डबा नाही येत, बाई" असे म्हणून आईला आतून आणखी एक पँट आणायला लावी. अशा रीतीने वडिलांच्या पँटी आणि आईच्या साड्या हळूहळू माझी भांडी होत गेल्या. त्यांना जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवत. पुढे रुखवतात ती सगळी एका रांगेत मांडली गेली, आणि त्यांत काका-मामांच्या आहेराची भर पडली. प्रत्येक आहेरावर नाव घातलेले होते. दुकानाच्या दारात बसणारा माणूस विजेवर चालणाऱ्या त्या पेन्सिलीने करकर आवाज करत, बारीक ठिपक्यांनी अक्षरे उमटवत असे. "सप्रेम भेट" इथपर्यंत अक्षर मोठे आणि देणाऱ्याचे नाव येईपर्यंत जागा संपल्यामुळे दाटीवाटीचे. लग्नानंतर आम्ही दोघे दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो तेव्हा लक्षात आले, की संचातल्या सर्वांत लहान पातेल्यातही पाच माणसांची आमटी मावेल. दोन कप चहासाठी माझ्याकडे भांडे नव्हते. बाकीचे सगळे पोत्यात बांधून माळ्यावर गेले, आणि त्यातले बरेचसे अजूनही तिथेच आहे.

तू काय खातेस, हे मला कुणी विचारले नव्हते.

म्हणून त्या दुपारी दुकानातून बाहेर पडल्यावर भाच्याला मी आधी रसवंतीगृहात नेऊन बसवले. त्याच्या फोनमध्ये ऑफिसातल्या मित्रांनी तयार करून दिलेली यादी होती. तीत एअर फ्रायर होता, सँडविच मेकर होता, सहा प्रकारच्या सुऱ्यांचा लाकडी ठोकळा होता, अंडी उकडण्याचे वेगळे यंत्र होते. सांडशी मात्र नव्हती. ती यादी बाजूला ठेवून येत्या आठवड्यात तो प्रत्यक्षात काय खाणार आहे, तेवढेच सांगायला मी सांगितले. आले-लिंबू घातलेल्या रसाचा पेला संपेपर्यंत त्याने विचार केला आणि म्हणाला, चहा, पोहे, खिचडी, अंड्याची पोळी, दही-भात. मग थोडे थांबून, काहीसे संकोचाने त्याने "भाकरी" असेही म्हटले. भाकरीचे पुढे बघू, असे मी म्हणाले, आणि उरलेल्या पाच पदार्थांवरून आम्ही उलटे मागे येत गेलो. पोह्यांना आणि अंड्याला कढई आणि तवा. खिचडी-भाताला लहान कुकर. चहाला एक तपेली आणि गाळणे. दूध-दह्याला झाकणासह एक पातेले. कांदा चिरायला सुरी. स्वयंपाकघर भरायची मला माहीत असलेली हीच एक पद्धत आहे, आणि ती मला फार उशिरा, भरलेल्या स्वयंपाकघरात पंचवीसेक वर्षे वावरून झाल्यावर कळली आहे.

त्याच्या घरमालकांनी गॅस ठेवू दिला नव्हता. खोलीत फक्त इंडक्शनची शेगडी होती. त्यामुळे भाच्याने खिशातून फ्रिजवर लावायचे एक चुंबक काढले आणि रविवार पेठेतल्या दुकानांत तो प्रत्येक भांड्याच्या बुडाला ते चिकटते का, हे पाहत सुटला. यावरून एका दुकानात चांगलाच गमतीदार घोटाळा झाला. आपल्याकडे स्टील पारखायची जुनी रीत अशी, की चुंबक चिकटले तर माल हलका आणि न चिकटले तर अस्सल. त्यात तथ्य आहे, कारण चांगल्या भांड्यांचे 304 जातीचे स्टील, ज्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, ते चुंबकाला दाद देत नाही. इंडक्शनच्या शेगडीला मात्र नेमके चुंबक धरणारे बूड लागते. नाहीतर भांडे तापतच नाही. चुंबक चिकटल्यावर हा मुलगा खूश का होतो आणि न चिकटल्यावर तोंड का पाडतो, हे त्या दुकानातल्या आजोबांना उमगेना. आपल्या मालावर संशय घेतला जातो आहे असे वाटून ते चिडले. शेवटी भाच्यानेच त्यांना सगळे समजावून सांगितले, आणि त्यांनी आतून जाड बुडाची, दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम घातलेली कढई आणून दिली. स्टील उष्णता फार मंद वाहून नेते. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून अधिक चांगली नेते. म्हणून नुसत्या पातळ स्टीलच्या कढईत जाळ लागेल तेवढ्याच जागी पोहे करपतात आणि कडेचे कच्चे राहतात. नवशिक्याला वाटते की आपला हात वाईट आहे, आणि तो चार दिवसांत स्वयंपाक सोडून देतो. एखाद्याच वस्तूवर जास्त पैसे घालायचे असतील तर ते कढईच्या बुडावर घालावेत, या मतावर मी ठाम आहे. चकाकी, काचेचे झाकण, गुलाबी मूठ यांचे पैसे दुकानदाराकडेच राहू द्यावेत.

कुकरच्या बाबतीत भाचा घाबरलेला होता. लहानपणी शेजारच्या घरात कुकरचे झाकण उडून छताला आमटी लागल्याचे त्याने पाहिले होते, आणि शिट्टी होऊ लागली की तो अजूनही दोन पावले मागे सरकतो. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. कुकर ही आपल्या घरातली सर्वांत गुंतागुंतीची वस्तू असते आणि आपण ती शिट्ट्या मोजण्यापलीकडे कधी समजावून सांगत नाही. 1679 साली देनी पापँ या फ्रेंच माणसाने हाडे मऊ शिजवण्यासाठी असले बंद भांडे तयार केले, तेव्हाच त्याला वाफ सोडणारी झडपही लावावी लागली होती. म्हणजे भीती भांड्याइतकीच जुनी आहे. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही नावे घरोघर पोचू लागली ती 1959 नंतर. आत दाब वाढला की पाणी शंभराऐवजी सुमारे 120 अंशांवर उकळते आणि म्हणून तुरीची डाळ लवकर गळते, एवढे एकदा कळले की शिट्टीतला बागुलबुवा निम्मा होतो. आम्ही 3 लिटरचा, आयएसआयची खूण असलेला स्टीलचा कुकर घेतला. मग ओट्यावर तो उघडून मी त्याला रबराची रिंग, शिट्टीची भोके आणि जास्त तापल्यावर वितळून वाफेला वाट देणारा सुरक्षेचा वॉल्व्ह, असे सगळे एकेक काढून दाखवले. डाळ-तांदूळ निम्म्याच्या वर भरायचे नाहीत, शिट्टीचे भोक उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघायचे, आणि वाफ जिरल्याशिवाय झाकणाशी झटायचे नाही. पहिल्या खिचडीच्या वेळी तो दाराशी उभा होता. दुसऱ्या खिचडीच्या वेळी ओट्यापाशी. तिसरीच्या वेळी तो फोनवर माझ्याशी बोलत होता आणि मागे शिट्टी वाजली तरी त्याचे वाक्य तुटले नाही.

शिट्ट्यांच्या हिशेबाबद्दल मात्र मला तक्रार आहे. ताई सोलापूरहून त्याला सांगे, "तीन शिट्ट्या कर." पण ताईचा कुकर 5 लिटरचा, तिचा गॅस मोठा, तिची शिट्टी फुसफुसणारी, याचा कुकर लहान, आणि शेगडीवर आच आकड्यांनी लावायची. तिच्या तीन शिट्ट्या म्हणजे याच्या किती, हे कोण सांगणार? तशीच वाटी. "वाटीभर तांदूळ घे" म्हणताना ताईच्या डोळ्यांसमोर तिच्या घरातली एक विशिष्ट, काठ चेपलेली वाटी असते. आपल्या पाककृती ज्या घरात सांगितल्या जातात त्याच घरात करून पाहायच्या असतात. दहा वर्षे आईच्या कडेला उभी राहिलेली मुलगी त्या डोळ्यांनी उचलते, आणि जो कधी उभाच राहिला नाही, त्याला मीठ "अंदाजाने" घाल म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे होय. मी माळ्यावरून एक वाटी काढून त्याला दिली. तिच्यावर माझ्या नवऱ्याच्या एका दूरच्या, आता हयात नसलेल्या काकांचे नाव आहे. यापुढे फोनवर जे काही सांगेन ते याच वाटीने, असे ठरवले आणि तिची जोडीदार वाटी माझ्या ओट्यावर ठेवली. पाऊण वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ म्हणजे एका माणसाची रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा डबा. वाकडच्या एका खोलीत ज्यांना कुणी पाहिलेले नाही अशा गृहस्थांच्या नावाने रोज तांदूळ मोजले जातात, याची मला गंमतही वाटते आणि कुठेतरी बरेही वाटते.

विळीचा प्रश्न आमच्यात निघालाच नाही, आणि तो निघाला नाही याचीच मला हुरहुर लागली. मी विळीवर शिकले. जमिनीवर बसून, पाट पायाखाली दाबून धरायचा, पाते स्थिर आणि भाजी दोन्ही हातांनी त्याच्यावर आणायची. कोथिंबीर इतकी बारीक सुरीने कधीच होत नाही, आणि टोकाला असलेल्या खवणीवर त्याच बैठकीत नारळही खवून होतो. पण विळीला जमीन लागते, बैठक लागते, आणि चिरत असताना समोर कुणीतरी गप्पा मारायला लागते. उभ्या ओट्याने ती बैठक मोडली आणि ओट्याला अडकवायच्या घडीच्या विळ्या आल्या तरी ती परत आली नाही. भाच्याला मी एक मध्यम आकाराची सुरी, एक लाकडी फळी आणि एक सोलाणे घेऊन दिले. सुरीचा ठोकळा नाकारला. कांदा कसा धरायचा, बोटांची टोके आत कशी वळवायची, हे मात्र मला त्याला नीट दाखवता आले नाही, कारण सुरीने मी स्वतः आजही विळीवरची बाईच आहे. त्याने ते व्हिडिओवर पाहून घेतले आणि आता तो माझ्याहून सफाईने चिरतो.

तवा बीडाचा घेतला. चार माणसांनी नॉनस्टिकचा आग्रह धरला होता आणि अगदी नवख्या हाताला त्याचा आधार वाटतो हे खरेही आहे. पण रिकामा तवा शेगडीवर तापत ठेवून फोन घ्यायला जाण्याची ज्याची सवय आहे, त्याच्या हाती तो लेप देऊ नये, कारण साधारण 260 अंशांच्या पुढे तो विघटित होऊ लागतो. बीड असल्या निष्काळजीपणाला पुरून उरते. तेल चोळायचे, हळूहळू तापवायचे, अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवायचा, पुसायचे, पुन्हा तेल. पहिले दोन-तीन घावन चिकटून चिंध्या होतात आणि ते निमूटपणे उभ्याने खाऊन टाकायचे असतात. तापलेल्या बीडावर तेल धरू लागले की जो जळका, थोडासा गोडसर वास खोलीभर पसरतो, तो आल्यावर भाच्याने खिडकी उघडली आणि मी बंद करायला लावली. त्या एका वासात माझ्या आजोळचे अख्खे माजघर होते. हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता, म्हणून सांगितले नाही.

बाकीच्या बारीकसारीक वस्तूंची यादी देत बसत नाही. एवढेच सांगते, की नवे घर मांडणारे सगळे जण सांडशी, झाकण्या आणि फडकी विसरतात, आणि तिन्हींची आठवण भांडे हाताला चटका देते तेव्हाच होते. फडकी विकत घेऊ नयेत. जुन्या सुती साडीची फाडावीत.

या सगळ्या खरेदीवर ताई मनातून नाराज होती. "कशाला एवढा खटाटोप, मेसचा डबा लाव की," असे ती त्याला रोज म्हणे, आणि मला एकटीला गाठून म्हणे, "दमून येतो गं पोरगा, त्यात परत भांडी घासणार?" तिचा जीव तुटत होता हे मला दिसत होते. तरीही ऐकताना आतून काहीतरी दुखरे वर येई. आम्ही दोघी बहिणी दहाव्या वर्षापासून पोळ्या लाटत आलो. मी नोकरी करून संध्याकाळी लोकलने घरी येत असे, तेव्हा मी दमते हे आमच्या आईलाही कधी सुचले नाही. तिने पलंगाखाली ट्रंक भरली तीही प्रेमानेच. पण त्या ट्रंकेतली प्रत्येक वस्तू मी कुणाला तरी वाढावे यासाठी होती, आणि या मुलाने घेतलेली प्रत्येक वस्तू त्याने स्वतः जेवावे यासाठी आहे. त्याचा हेवा वाटला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्याच वेळी एका ताटाचे, एका वाटीचे, एका फुलपात्राचे ते फळीवरचे दृश्य पाहून ताईइतकेच मलाही गलबलून आले, आणि जायच्या आधी मी त्याला दुसरे ताट घ्यायला लावले. त्याने विचारले, कुणासाठी? मी म्हणाले, कुणीही येईल.

भाकरी पावसाळ्यात आली. इंडक्शनवर ती शेकायची कशी, हा खरा पेच होता, कारण तव्यावरून काढलेली भाकरी विस्तवावर धरल्याशिवाय टम्म फुगत नाही आणि त्या शेगडीला विस्तवच नाही. शेवटी घरमालकांनी बरीच मिनतवारी झाल्यावर 5 किलोचा लहान सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी ठेवायला परवानगी दिली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळायचे, आणि दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी गेलेली असते, म्हणून थोडे थोडे दळून आणायचे, एवढे मी सांगितले. थापायचे कसे ते ताईने व्हिडिओ कॉलवर, फोन पिठाच्या डब्याला टेकवून दाखवले. भाच्याचे पहिले प्रयत्न तालुक्याच्या नकाशांच्या आकाराचे झाले. त्यासाठी त्याने स्वतः जाऊन परात आणली, बेताची, एका भाकरीपुरती. तुळशीबागेत काढून दाखवलेली ती घेरदार परात त्याच्या ओट्यावर मावलीच नसती.

मिक्सरवरून मात्र आमचे अजून जमलेले नाही. मी म्हणते, 500 वॅटचा, दोन भांड्यांचा साधा मिक्सर घे. ओले खोबरे, आले-लसूण, कधी डोशाचे पीठ, सगळे होईल. तो म्हणतो, मला करायची आहे ती एकच चटणी, शेंगदाण्याची, आणि ती मिक्सरमध्ये होत नाही. यात तो खरा आहे हे मला मान्य करावे लागते. सोलापूरची शेंगाचटणी कुटूनच करायची असते. कुटताना दाण्याला तेल सुटून तिखट त्यात मुरते, आणि मिक्सरच्या पात्याने तिचा एक तर भुगा होतो नाहीतर लगदा. म्हणून त्याला मोठा लोखंडी खलबत्ता हवा आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी रात्री दहा वाजता कुटण्याबद्दल आधीच एकदा दार वाजवले आहे, तेही त्याच्याकडे असलेल्या लहानशा खलबत्त्यासाठी. ताईने आता तिसराच पर्याय काढला आहे, तो म्हणजे तिच्याकडे वापराविना पडलेला पाटा-वरवंटा कुणाच्या तरी गाडीत घालून पाठवण्याचा. चौथ्या मजल्यावर तो कोण चढवणार, हे विचारायचे काम तिने माझ्यावर सोपवले आहे.